दोन फोनवर ब्राउझरचा वेग घरच्या घरी कसा मोजावा

आमच्या घरात दोन फोन आहेत. माझा आयफोन आणि दादाचा अँड्रॉइड. यंदा आत्येबहीण पुण्याला शिकायला निघाली तेव्हा आत्याने फोन घेण्याआधी आम्हा दोघांना एकच गोष्ट विचारली, "या दोन्हींत नेट कशावर पटकन उघडतं?" कॅमेरा तिच्या हिशोबातच नव्हता. प्रवेशाचे फॉर्म, निकाल, बँक, बातम्या, मुलीचे सगळे ब्राउझरमध्येच होणार होते.

आम्ही दोन्ही फोन जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवले आणि एकाच वर्तमानपत्राचे पान एकदम उघडले. सकाळी दादाचा फोन पुढे निघाला, दुपारी माझा, रात्री पुन्हा दादाचा. असे का होते ते शोधण्यात आमचे दोन रविवार गेले. काय काय चुकते हे आधीच माहीत असते तर काम एका सकाळीत उरकले असते. तुमचे रविवार वाचावेत म्हणून हे सगळे लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. पान उघडायला जो वेळ लागतो तो एकट्या फोनचा नसतो. त्यात चिप आहे, ब्राउझरचे एंजिन (म्हणजे पान रंगवणारा त्याचा आतला भाग) आहे, तुमचे वायफाय आहे, पलीकडचा सर्व्हर आहे आणि ते पान स्वतः किती जड आहे हेही आहे. तुलना फोनची करायची असेल तर बाकीचे चारही दोन्हीकडे सारखे ठेवावे लागतात, आणि जिथे सारखे ठेवता येत नाहीत तिथे निदान तसे लिहून ठेवावे लागते.

काय काय लागेल

- तुलनेचे दोन फोन, दोन्ही किमान निम्मे चार्ज झालेले
- स्लो-मोशन व्हिडिओ काढणारा तिसरा फोन आणि तो स्थिर ठेवायला स्टँड (आम्ही डब्यांच्या चळतीवर ठेवला होता)
- घरचे वायफाय. मोबाइल डेटा या कामाला नको
- व्हिडिओ फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून बघायला लॅपटॉप
- वही आणि पेन. आकडे डोक्यात राहत नाहीत आणि मनासारखे तेवढेच आठवतात

१. आधी प्रश्न पक्का करा

"कोणता फोन घ्यावा" हा एक प्रश्न आणि "माझ्या फोनवर कोणता ब्राउझर ठेवावा" हा वेगळा. पहिल्यासाठी प्रत्येक फोनवर लोक जे खरोखर वापरतात तेच घ्या, म्हणजे आयफोनवर सफारी आणि अँड्रॉइडवर क्रोम. दुसऱ्यासाठी फोन एकच ठेवा आणि ब्राउझर बदला. दोन्ही प्रश्न एकाच दिवशी मोजायला घेतलेत तर वहीतल्या आकड्यांचा कशाशी संबंध आहे तेच कळेनासे होते.

२. ब्राउझरच्या नावामागचे एंजिन ओळखा

इथे बहुतेकांची फसगत होते. "दोन्हीवर क्रोम टाकू, म्हणजे तुलना बरोबरीची होईल" असे दादाही म्हणाला होता. ऐकायला ते रास्त वाटते, पण तसे होत नाही. ॲपलच्या नियमामुळे आपल्याकडे आयफोनवरचा प्रत्येक ब्राउझर आतून ॲपलच्याच वेबकिट एंजिनवर चालतो. क्रोम टाका, फायरफॉक्स टाका, पान रंगवणारे एंजिन सफारीचेच. युरोपीय संघात नव्या कायद्यामुळे आयफोनच्या आयओएस १७.४ या प्रणालीपासून, म्हणजे मार्च २०२४ पासून, दुसऱ्या एंजिनला मुभा मिळाली. आपल्याकडे ती नाही. म्हणजे आयफोनवरचे क्रोम आणि अँड्रॉइडवरचे क्रोम या एकाच नावाच्या दोन निराळ्या वस्तू आहेत.

अँड्रॉइडवर याच्या उलट. तिथे क्रोम, सॅमसंग इंटरनेट, एज, ऑपेरा, ब्रेव्ह ही नावे वेगळी असली तरी आतले ब्लिंक एंजिन एकच. गूगलने ते २०१३ मध्ये वेबकिटपासूनच वेगळे काढले. फायरफॉक्सचे गेको मात्र खरोखर निराळे. अँड्रॉइडवर ब्रेव्ह क्रोमपेक्षा पुढे दिसला तर एंजिन जोरात आहे असे समजू नका. तो जाहिराती आधीच अडवतो, त्यामुळे पानच हलके होते.

आता दुसरा सापळा, ॲपच्या आत उघडणारे पान. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरच्या दुव्याला बोट लावले की पान त्याच ॲपच्या पोटात उघडते. तो तुमचा ब्राउझर नव्हे. हा फरक किती महागात पडतो याचा जुना दाखला आहे. मार्च २०११ मध्ये कॅनडातल्या ब्लेझ नावाच्या कंपनीने आयफोन ४ आणि नेक्सस एस हा अँड्रॉइड फोन या दोन्हींवर हजार संकेतस्थळांची पाने मिळून ४५,००० वेळा उघडली आणि अँड्रॉइड सरासरी ५२ टक्के वेगवान असल्याचे जाहीर केले. मथळे झाले, वाद पेटले. मग ॲपलने दाखवून दिले की चाचणी सफारीत झालीच नव्हती. कंपनीने स्वतः बनवलेल्या ॲपमधून पाने उघडली होती, आणि त्याच महिन्यात आयओएस ४.३ बरोबर सफारीला मिळालेले नायट्रो हे जावास्क्रिप्ट (पानातले प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात ती) चालवणारे वेगवान एंजिन ॲपच्या आतल्या पानांना मिळत नव्हते. ४५,००० मोजण्या केल्या, पण मोजली ती भलतीच वस्तू. ॲपच्या आतल्या पानांनाही तो वेग मिळण्याची सोय पुढे २०१४ मध्ये आयओएस ८ बरोबर झाली.

म्हणून दुवा व्हॉट्सॲपवर पाठवून तिथून उघडू नका. ब्राउझर स्वतः उघडा आणि पान त्यात बुकमार्क करून ठेवा.

ऑपेरा मिनीबद्दलही दोन शब्द. जुन्या नोकियावर ज्यांनी तो वापरला त्यांना त्याचा वेग अजून आठवत असेल. पण पान तयार करण्याचे काम ऑपेराच्या सर्व्हरवर होत असे आणि फोनकडे आवळून बांधलेले गाठोडे येई. टूजीच्या काळात त्याने फार मोठी सोय केली. फोनची तुलना करताना मात्र असा कोणताही डेटा वाचवणारा मोड बंदच हवा.

३. दोन्ही फोन एका पातळीवर आणा

माझा आयफोन त्या सकाळी मागे का पडला? कारण तो लो पॉवर मोडवर होता. बॅटरीचे चिन्ह पिवळे दिसत होते आणि मी तिकडे पाहिलेच नव्हते. या मोडमध्ये प्रोसेसर आवरता घेतला जातो आणि सफारीतली हालचाल सेकंदाला ३० फ्रेमवर येते. अँड्रॉइडचा बॅटरी सेव्हरही असेच हात आखडतो. मोजण्याआधी दोन्हीकडे हे बघून घ्या:

- बॅटरी सेव्हर किंवा लो पॉवर मोड बंद
- बाकीची ॲप बंद, फोन एकदा रीस्टार्ट करून पाच मिनिटे थांबलेला
- अपडेट किंवा फोटोंचे बॅकअप पाठीमागे चालू नाही
- व्हीपीएन, प्रायव्हेट डीएनएस, आयक्लाउडचा प्रायव्हेट रिले, जाहिराती अडवणारी साधने बंद
- स्क्रीन दोन्हीकडे ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारी. अँड्रॉइडवर हे डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मिळते, १२० हर्ट्झच्या आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीमध्ये मोशनखाली

फोन जुना असेल तर बॅटरीची तब्येतही वहीत लिहा. झिजलेल्या बॅटरीच्या आयफोनला अचानक बंद पडण्यापासून वाचवायला ॲपल २०१७ पासून प्रोसेसरला लगाम घालते. नव्या अँड्रॉइडशी तीन वर्षे वापरलेल्या आयफोनची तुलना करून आयफोन संथ आहे असे म्हणणे त्या फोनवर अन्याय आहे.

आणि उष्णता. आम्ही चंद्रपूरचे. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, आणि ॲपल आपला फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरा असे सांगते. दुपारी दोनला खिडकीशेजारी बसून घेतलेल्या मोजणीत पाचव्या पायरीतल्या चाचणीचा स्कोअर प्रत्येक फेरीला खाली जाताना मी पाहिला आहे. फोनची पाठ हाताला चटका देत होती. चिप तापली की स्वतःला जपण्यासाठी हळू होते, हे दोन्ही प्रकारच्या फोनमध्ये घडते. म्हणून सकाळी लवकर बसा, कव्हर काढा, पंखा लावा, चार्जिंगची पिन काढून ठेवा. दोन फेऱ्यांमध्ये फोन हाताला गार लागेपर्यंत थांबा. फ्रीजमध्ये ठेवायचा मोह झाला तरी ठेवू नका, आत पाणी धरते.

४. वायफाय सारखे करा

आमच्या राउटरची नावे दोन आहेत, एक २.४ गिगाहर्ट्झचे आणि एक ५ चे. दादाचा फोन ५ वर होता, माझा २.४ वर. आठवडाभराचा वाद या एका ओळीत मिटला. दोन्ही फोन एकाच नावावर जोडा, राउटरपासून सारख्याच अंतरावर ठेवा, आणि घरात कोणी टीव्हीवर सिनेमा लावलेला नाही ना ते बघा.

दोन्ही फोनवर एकदम बोट दाबायची गंमत टाळा. दोघेही एकाच वायफायवर ओढाताण करतात आणि कोणाचाच खरा वेळ मिळत नाही. एक फोन, मग दुसरा, मग पुन्हा पहिला असे आळीपाळीने जा. म्हणजे मध्येच नेट मंदावले तरी त्याची झळ दोघांनाही सारखी बसते.

५. बेंचमार्क चालवा, पण कोणता ते बघून

बेंचमार्क म्हणजे वेग मोजायची ठरीव चाचणी. ब्राउझरबेंच डॉट ऑर्ग या पत्त्यावर अशा तीन चाचण्या फुकट मिळतात. मला सर्वांत उपयोगी वाटते ती स्पीडोमीटर. तिची तिसरी आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली. ॲपल, गूगल आणि मोझिला या प्रतिस्पर्ध्यांच्या चमूंनी ती एकत्र बसून ठरवली आहे, त्यामुळे परीक्षकच एका बाजूचा असल्याची शंका राहत नाही. कामांच्या यादीत नोंदी भरणे आणि खोडणे, मजकूर संपादित करणे, आलेख काढणे, बातम्यांच्या पानावर फिरणे अशी रोजची कामे ती भराभर करून बघते. एकदा सुरू झाली की तिचा नेटशी संबंध उरत नाही. म्हणजे इथे मोजले जातात ते फक्त फोन आणि एंजिन. स्कोअर जास्त तेवढा चांगला. शेजारचा अधिक-उणे आकडाही लिहून घ्या, त्याचे काम सातव्या पायरीत आहे.

जेटस्ट्रीम जड गणिताचे काम मोजते. मोशनमार्क चित्रांची हालचाल मोजते, ती फोन आडवा धरून चालवा.

यूट्यूबवर जुन्या तुलनांचे व्हिडिओ सापडतात, त्यांच्याशी आपले आकडे ताडून बघू नका. २००७ ची सनस्पायडर चाचणी मिलिसेकंदात निकाल देई, तिथे आकडा कमी तेवढा चांगला. गूगलची ऑक्टेन २०१७ मध्ये गूगलनेच निवृत्त केली, कारण एंजिन बनवणारे त्या चाचणीपुरतीच मेहनत घेऊ लागले होते आणि खऱ्या पानांना त्याचा लाभ होत नव्हता. स्पीडोमीटरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीचे मापही एक नाही. २०१३ मध्ये तर गॅलॅक्सी एस ४ ठरावीक बेंचमार्क ॲप ओळखून चिपला एरवी न मिळणारा जोर देतो, हे आनंदटेक या संकेतस्थळाने उघड केले होते. एवढ्यासाठीच बेंचमार्कवर न थांबता पुढची पायरी कराच.

६. खरी पाने, स्लो-मोशनमध्ये

तीन प्रकारची पाने निवडा. एक हलके, मजकुराचे, उदाहरणार्थ मराठी विकिपीडियावरचा एखादा लांब लेख. एक जड, फोटो आणि जाहिरातींचे, म्हणजे कोणत्याही मराठी वर्तमानपत्राचे मुखपृष्ठ. आणि एक तुमच्या कामाचे. आत्येबहिणीसाठी आम्ही महाविद्यालयाचे प्रवेशाचे पान घेतले. ज्या सरकारी पानावर निकालाच्या दिवशी झुंबड उडते ते घेऊ नका, तिथे वाट बघावी लागते ती सर्व्हरची.

पाने उघडण्याआधी एक सेटिंग बंद करायलाच हवे. क्रोममध्ये पाने आधीच लोड करून ठेवण्याची सोय असते, सफारीतही पत्ता टाइप करताना पहिला पर्याय आधीच ओढून आणला जातो. दोन्हीकडे प्रीलोड नावाने ते सापडेल. ते चालू राहिले तर तुम्ही बोट उचलायच्या आतच पान निम्मे आलेले असते, आणि ज्याने आधी सुरुवात केली तोच फोन वेगवान दिसतो.

मग दोन खेपा करा. पहिली थंड, म्हणजे इन्कॉग्निटो किंवा प्रायव्हेट टॅबमध्ये, जिथे आधीचे काही साठवलेले नाही. प्रत्येक वेळी टॅब बंद करून नवा उघडा. दुसरी गरम, म्हणजे साध्या टॅबमध्ये तेच पान दुसऱ्यांदा. आपण रोज तीच तीच पाने बघतो, म्हणून गरम खेपेला मी जास्त वजन देते. थंड आणि गरम खेपांचे आकडे एका रकान्यात लिहू नका.

तिसरा फोन स्टँडवर लावा, सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन निवडा. अशी एक फ्रेम ४ मिलिसेकंदांहून थोडी जास्त असते. हातातल्या स्टॉपवॉचवर बोटाची चूकच त्याच्या कितीतरी पट होते. काही फोन ९६० फ्रेमचा दावा करतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांत मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने रचलेल्या असतात, म्हणून तो पर्याय सोडा. चौकटीत लॅपटॉपवर चालू स्टॉपवॉच दिसेल असे ठेवलेत तर फ्रेमच्या हिशोबाचा ताळा त्यावरून घेता येतो. व्हिडिओ लॅपटॉपवर केबलने न्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलात की तो दाबला जातो आणि फ्रेमचा हिशोब बिघडतो.

व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्राममध्ये कीबोर्डवरची ई ही कळ दाबली की व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकतो. सुरुवातीची फ्रेम कोणती धरायची? बोट काचेवरून सुटते ती. बोट टेकते ती नव्हे, कारण ब्राउझर कामाला लागतो तो बोट उचलल्यावर. नीट बघितले तर त्या फ्रेममध्ये नखाखालची सावली लांबू लागते. तिथे शून्य.

पुढे तीन क्षण नोंदवा: मजकूर पहिल्यांदा वाचता आला तो, मुख्य फोटो पूर्ण दिसला तो, आणि पान बोटाने सरकवल्यावर सरकू लागले तो. मराठी पानांवर पहिल्या क्षणापाशी काळजी घ्या. बरीच संकेतस्थळे स्वतःचा देवनागरी फॉन्ट मागवतात. आधी फोनच्या फॉन्टमध्ये ओळी उमटतात, मग एकदम सगळी अक्षरे अंग बदलतात, जोडाक्षरांची रुंदी वेगळी होते आणि खालचा परिच्छेद एक ओळ सरकतो. काही पानांवर तर फॉन्ट येईपर्यंत मजकुराची जागा कोरीच दिसते. मी अक्षरे स्थिरावली तोच क्षण धरते, कारण त्याआधी वाचायला घेतले तर नजर चुकते. तुम्ही दुसरा धरलात तरी हरकत नाही, मात्र दोन्ही फोनला तोच लावा.

समजा बोट सुटल्यापासून मुख्य फोटोपर्यंत ३१२ फ्रेम गेल्या. भागिले २४०, म्हणजे १.३ सेकंद. गूगलच्या मोजपट्टीत पानाचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसला तर चांगले धरतात, आणि स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत. हे पेजस्पीड इनसाइट्सवरही बघता येते, पण ते साधन संकेतस्थळ तपासते, तुमच्या हातातला फोन नव्हे.

७. आकड्यांतून निकाल काढा

प्रत्येक पान प्रत्येक फोनवर नऊ वेळा उघडा. सरासरी काढू नका. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा आणि पाचवा, मधला, तो घ्या. कारण साधे आहे. समजा पाचच मोजण्या घेतल्या आणि १.२, १.३, १.३, १.४, ४.८ असे आकडे आले. शेवटच्या वेळी वायफाय अडखळले होते. सरासरी येते २.० सेकंद, आणि तेवढा वेळ तर एकदाही लागलेला नाही. मधला आकडा १.३ आहे, तोच त्या फोनचा. जाहिराती दर वेळी बदलतात, म्हणून वर्तमानपत्राच्या पानावर आकडे जास्त विखुरतील, हेही मनात धरा.

मग दोन्ही फोनचे सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठे आकडे बघा. एकाचा पल्ला दुसऱ्याच्या पल्ल्यात बराचसा घुसत असेल तर दोघे बरोबरीचे म्हणून लिहा. स्पीडोमीटरच्या अधिक-उणे आकड्यालाही हाच नियम. दादाला हे पटायला वेळ लागला, पण नवव्या मोजणीनंतर तोच म्हणाला, "हे बरोबरच आहेत गं."

आमच्या दोन फोनमध्ये स्पीडोमीटरवर फरक दिसला, खऱ्या पानांवर फारसा नाही. गरम खेपेत तर जवळजवळ काहीच नाही. सगळ्यात मोठा फरक पडला तो राउटर पलंगामागून काढून दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवल्यावर, आणि तो दोन्ही फोनला पडला. आत्याला आम्ही सांगितले की या दोघांत वेगावरून निवड करू नका, किंमत आणि जवळ दुरुस्ती केंद्र आहे का ते बघा.

८. उठण्याआधी

वहीत तारीख, दोन्ही फोनची प्रणाली आणि ब्राउझरची आवृत्ती, खोलीचे साधारण तापमान आणि वायफायचे नाव लिहा. सहा महिन्यांनी अपडेट आल्यावर पुन्हा मोजायचे झाले तर या पानाशिवाय तुलना करता येणार नाही. आणि बदललेली सेटिंग जागेवर आणा. स्क्रीनचे हर्ट्झ, प्रीलोड, फोटोंचे बॅकअप. दादाचे बॅकअप बंदच राहिले होते, ते आम्हाला तीन आठवड्यांनी कळले.